हरणाच्या केसांची माशी आणि पाण्यात परत सोडलेला मासा : ली वुल्फ यांची जीवनकथा

गळाने मासे धरण्याचा छंद जगात पुरातन आहे. परंतु धरलेला मासा जिवंतपणी पुन्हा पाण्यात सोडून द्यावा, हा विचार त्या मानाने अगदी अलीकडचा. अमेरिकेत हा विचार ज्यांनी रुजवला, त्यांत ली वुल्फ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. अभियंता, चित्रकार, लेखक, चित्रपटकार, वैमानिक अशा अनेक भूमिका या माणसाने एका आयुष्यात पार पाडल्या. तरीही जगभरातील गळकरी त्यांना आजही ओळखतात ते प्रामुख्याने एका इवल्याशा वस्तूमुळे. ती वस्तू म्हणजे हरणाच्या शेपटीचे केस बांधून केलेली कृत्रिम माशी. शिकाऱ्याच्या दृष्टीने टाकाऊ असलेल्या शेपटीला वुल्फ यांनी मोल मिळवून दिले. पुढे जवळजवळ तोच न्याय त्यांनी माशालाही लावला. जे टिकू शकते ते एकाच वापरात संपवू नये, हे त्यांच्या सगळ्या कामाचे सूत्र होते.

अलास्का ते पॅरिस

ली वुल्फ यांचा जन्म १० फेब्रुवारी १९०५ रोजी अलास्कातील व्हॅल्डीझ या लहानशा बंदरगावी झाला. सोन्याच्या शोधात असंख्य माणसे अलास्काकडे धावली होती, तो काळ नुकताच सरला होता. त्या धावपळीत वसलेल्या या गावाच्या एका बाजूला बर्फाच्छादित पर्वत होते आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. गावाजवळच्या ओढ्यांत माशांना तोटा नव्हता. शाळकरी वयातच गळ आणि दोरी वुल्फ यांच्या हाती आली. कृत्रिम माशी बांधण्याचा नादही त्यांना बालपणीच लागला.

पुढे हे कुटुंब अलास्का सोडून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आणि त्यानंतर कॅलिफोर्नियात आले. वुल्फ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९२६ साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. घरच्या अपेक्षेप्रमाणे आता पूल आणि रस्ते बांधण्याचे काम सुरू व्हायचे. परंतु त्यांचे मन रेषा आणि रंगांकडे ओढ घेत होते. त्यांनी थेट पॅरिस गाठले आणि तेथे चित्रकलेचे धडे घेतले. परतल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींसाठी चित्रे काढण्याची नोकरी पत्करली. आठवडाभर शहरात काम आणि सुटी मिळाली की उत्तरेकडील डोंगरांतील नद्यांवर मुक्काम, असा त्यांचा क्रम सुरू झाला. अभियंत्याची चिकित्सा आणि चित्रकाराची नजर या दोन्ही गोष्टी नदीकाठीच त्यांच्या कामी आल्या.

पिसांच्या माशीची गोष्ट

आपल्याकडे गळाला गांडूळ, कोळंबी किंवा कणकेची गोळी लावली जाते. ट्राउट आणि सॅल्मन या थंड पाण्यातील माशांसाठी युरोपात निराळी पद्धत विकसित झाली. पाण्यावर उतरणाऱ्या कीटकाची हुबेहूब नक्कल लहानशा आकड्यावर पिसे, रेशीम आणि लोकर बांधून करायची. ही माशी वजनाला इतकी हलकी असते की तिला लांब फेकणे अशक्य होते. त्यामुळे वजन असते ते दोरीला. काठीच्या लयबद्ध हेलकाव्याने ती जड दोरी हवेत फिरवली जाते आणि टोकाची माशी अलगद पाण्यावर टेकवली जाते. तरंगणारी माशी हा त्यातील सर्वांत नाजूक प्रकार. ती बुडाली की खेळ संपला.

या माश्यांसाठी लागणारी पिसे ही एके काळी जागतिक व्यापाराची वस्तू होती. व्हिक्टोरियन काळातील इंग्लंडमध्ये सॅल्मनसाठी बांधल्या जाणाऱ्या माश्यांत दूरदूरच्या पक्ष्यांची रंगीत पिसे वापरली जात. आपल्या सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याचाही त्यात मोठा वाटा होता. या पक्ष्याच्या मानेवरील पिसांच्या टोकाला मेणासारखा चकाकणारा पिवळसर ठिपका असतो. पाण्यात तो लहान माशाच्या डोळ्यासारखा भासतो, म्हणून या पिसांना परदेशात फार मागणी असे. पिसांच्या निर्यातीवर भारतात १९०२ साली बंदी आली. स्वातंत्र्यानंतर वन्यजीव कायद्याने हे संरक्षण अधिक भक्कम केले. तात्पर्य, चांगली माशी म्हणजे दुर्मीळ पक्ष्याचे पीस, अशी समजूत वुल्फ तरुण असताना पुष्कळ ठिकाणी दृढ होती.

ऑसेबल नदीवरील प्रयोग

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेस ॲडिरॉन्डॅक पर्वतराजी आहे. तेथील ऑसेबल नदी खडकाळ आणि खळाळती. १९२९-३०च्या सुमारास वुल्फ या नदीवर नियमित येत असत. त्या वेळी मिळणाऱ्या तरंगत्या माश्या इंग्लंडमधील संथ प्रवाहांच्या धर्तीवर बांधलेल्या असत. सडपातळ अंग, पिसांचे नाजूक पंख, असे त्यांचे रूप. ऑसेबलच्या फेसाळ पाण्यात त्या लगेच भिजत. एखादा मासा लागला की पीस चिकट होऊन चिंबून जाई आणि माशी पुसून, वाळवून पुन्हा वापरावी लागे किंवा बदलावी लागे. शिवाय, नदीवर उडणारे खरे कीटक अंगाने भरदार दिसत. त्यांच्यापुढे या माश्या उपाशी वाटत.

वुल्फ यांनी पिसांचे पंख काढून टाकले आणि त्या जागी पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे केस बांधले. माशीची शेपटीही केसांचीच केली. अंग जाड ठेवले. हे केस मजबूत असतात, पाणी चटकन शोषत नाहीत आणि झटकले की पूर्ववत ताठ होतात. परिणामी माशी उंच तरंगू लागली, खळाळातही दिसू लागली आणि एकामागून एक अनेक मासे लागले तरी मोडेना. तपकिरी केसांची करड्या रंगाची माशी प्रथम सिद्ध झाली. पांढऱ्या केसांची दुसरी तिच्यामागून आली. तिसरी सर्वांत गाजली. ‘रॉयल कोचमन’ ही एकोणिसाव्या शतकातील माशी दिसायला देखणी, पण फार नाजूक होती. मोराच्या पिसाचे तंतू, मध्ये लाल रेशमाचा पट्टा हे तिचे मूळ रूप कायम ठेवून वुल्फ यांनी तिला पांढऱ्या केसांचे पंख दिले. हीच पुढे ‘रॉयल वुल्फ’ म्हणून जगभर पसरली.

या माश्यांना स्वतःचे नाव द्यावे, असे वुल्फ यांच्या मनात नव्हते. पहिल्या माशीला ते नदीचेच नाव देणार होते. त्यांचे सोबती डॅन बेली यांनी आग्रह धरला आणि वुल्फ हे नाव कायम झाले. बेली तेव्हा ब्रुकलिनमध्ये शिक्षक होते. नंतर त्यांनी मोंटाना राज्यातील लिव्हिंग्स्टन येथे माश्यांचे दुकान काढले आणि पश्चिमेकडील वेगवान नद्यांवर वुल्फ माश्या लोकप्रिय केल्या. येथे एक गोष्ट नमूद करायला हवी. कॅट्सकिल भागातील काही कारागीरही त्याच सुमारास केसांच्या पंखांचे प्रयोग करत होते. ही कल्पना एकट्या वुल्फ यांना सुचली असे म्हणता येणार नाही. मात्र केसांच्या तरंगत्या माशीचा संपूर्ण घराणाच उभा करण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

शेपटी जपण्याची घरगुती रीत

या बदलाचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. दूर देशीच्या पक्ष्याचे पीस व्यापाऱ्याकडूनच घ्यावे लागे. हरणाची शेपटी मात्र अमेरिकेतील खेड्यांत घरोघरी मिळण्याजोगी होती. शरद ऋतूतील परवानाप्राप्त शिकारीनंतर मांस घरी जाई, कातडे कधी विकले जाई आणि शेपटी बहुधा फेकली जाई. ती घरीच टिकवण्याची सोपी रीत माशी बांधणाऱ्यांमध्ये रूढ आहे.

शेपटी ताजी असतानाच हे काम हाती घ्यावे लागते. आतल्या बाजूने बुडापासून टोकापर्यंत चीर देऊन मधले हाड काढून टाकतात. मग बोथट सुरीने चरबी आणि मांसाचा कण न् कण खरवडतात. हीच पायरी सर्वांत महत्त्वाची. चरबी राहिली तर ती कालांतराने खवट होते, केसांत उतरते आणि वास मारू लागते. साफ झालेल्या कातड्यावर जाडे मीठ किंवा टाकणखार चोळतात. मीठ कातड्यातील पाणी ओढून घेते आणि पाणी नसले की कुजवणाऱ्या जीवाणूंची वाढ थांबते. टाकणखार ओलावा शोषतोच, शिवाय कातडे खाणाऱ्या कीटकांनाही दूर ठेवतो. हे करण्यास उशीर झाला तर केसांच्या मुळाशी कूज सुरू होते आणि केस पुंजक्यापुंजक्याने हातात येतात. एकदा असे झाले की त्यावर इलाज नसतो.

त्यानंतर शेपटी पुठ्ठ्यावर पसरून, केसांची बाजू खाली ठेवून टाचण्यांनी ताणतात आणि सावलीत, वारा खेळता असलेल्या जागी काही दिवस वाळू देतात. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवली तर चरबी वितळून केस तेलकट होतात आणि कातडे भाजल्यासारखे ठिसूळ बनते. पूर्ण वाळल्यावर मीठ झटकून, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन पुन्हा वाळवतात. शेवटी कसर लागू नये म्हणून बंद पिशवीत घालून काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवण्याची आजची पद्धत आहे. फ्रीझर नव्हते त्या काळात डांबराच्या गोळ्यांवर भिस्त असे.

चप्पल किंवा पिशवी करायची असेल तर कातडे कमवावे लागते, म्हणजे ते मऊ आणि कायम टिकाऊ करण्यासाठी त्यावर रासायनिक प्रक्रिया करावी लागते. माशी बांधणाऱ्याला त्याची गरज पडत नाही. त्याला हवे असतात ते केस. कातडे केवळ केस एकत्र धरून ठेवण्यापुरते. म्हणून ते कुजले नाही आणि त्याला कीड लागली नाही, एवढे पुरेसे होते. नीट वाळवलेली एक शेपटी वर्षानुवर्षे टिकते आणि तिच्यातून पुष्कळ माश्या तयार होतात.

केसांचेही प्रकार आहेत. हरणाच्या पाठीचे आणि पोटाचे हिवाळी केस आतून हवेच्या सूक्ष्म कप्प्यांनी भरलेले असतात. थंडीपासून प्राण्याचे रक्षण करण्याची ही निसर्गाची योजना. असा केस धाग्याने आवळला की दबतो आणि त्याची टोके फुलासारखी उमलतात. ते कातरून जाड, तरंगणारे डोके घडवता येते. उन्हाळी केस आखूड आणि विरळ असल्याने त्यासाठी कुचकामी ठरतात. शेपटीचे केस त्या मानाने भरीव असतात. ते फारसे उमलत नाहीत, सरळ राहतात, म्हणून पंखांसाठी तेच योग्य. चिमूटभर केस कापायचे, मुळाशी असलेली लव विंचरून काढायची, टोके एका पातळीत आणायची आणि मेण लावलेल्या धाग्याने आकड्यावर आवळायची. वुल्फ यांनी निवडलेली सामग्री अशी सोपी आणि हाताशी असलेली होती.

हरणे परत आली म्हणून

शेपट्यांच्या या सुकाळाला एक पूर्वपीठिका आहे. वुल्फ यांचा जन्म झाला तेव्हा अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे झपाट्याने कमी झालेली होती. मांस आणि कातड्याच्या व्यापारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने त्यांची संख्या काही लाखांवर आली होती. १९०० सालच्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या वन्यप्राण्यांची एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारी वाहतूक आणि विक्री रोखली. राज्यांनी शिकारीचे हंगाम ठरवले, परवाने आणि मर्यादा आणल्या. १९३७ साली बंदुका आणि काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनाकडे वळवण्यात आले. हरणे पुन्हा वाढली आणि आज त्यांची संख्या कोट्यवधींच्या घरात आहे. वुल्फ यांच्या डोळ्यांदेखत घडलेले हे परिवर्तन होते. बंधन पाळले तर संपत आलेला प्राणीही परत येतो, हे जमिनीवर सिद्ध होत होते. पाण्यातील माशांना मात्र तशा बंधनाचे पाठबळ अपुरे होते.

येथे आपल्या वाचकांसाठी एक सूचना आवश्यक आहे. वरील सर्व वर्णन अमेरिकेतील कायद्याच्या चौकटीतील आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चितळ, सांबर, भेकर यांची शिकार हा गुन्हा आहेच. परवानगीशिवाय त्यांचे कातडे, शेपटी किंवा शिंगे बाळगणेही गुन्हा ठरतो. जंगलात मृत आढळलेल्या प्राण्यालाही हात लावता येत नाही. तेव्हा हा प्रयोग आपल्याकडे करण्याचा नाही.

खिशांचे जाकीट आणि रिकामे हात

वुल्फ यांच्या चिकित्सक बुद्धीचा आणखी एक नमुना म्हणजे गळकऱ्याचे जाकीट. पूर्वी माश्यांचे डबे, दोऱ्याची रिळे, कात्री हे सारे खांद्याच्या झोळीत किंवा टोपलीत कोंबून नदीत उतरावे लागे. १९३१ साली वुल्फ यांनी एका बिनबाह्यांच्या जाकिटावर स्वतः खिसे शिवले आणि प्रत्येक वस्तूला ठरावीक जागा दिली. मासेमारीच्या दुकानात आज दिसणाऱ्या असंख्य खिशांच्या जाकिटांचा उगम तेथे सापडतो.

माशी बांधताना आकडा बाकावरच्या छोट्या पकडीत धरण्याचा सार्वत्रिक प्रघात आहे. वुल्फ मात्र आयुष्यभर आकडा बोटांत धरूनच माशी बांधत. नखाच्या टोकावर मावेल एवढ्या आकड्यावरही त्यांनी केवळ बोटांनी माशी बांधून दाखवली होती. काठीशिवाय, निव्वळ हाताने दोरी फेकून त्यांनी सॅल्मनसारखा ताकदवान मासा काठावर आणल्याचीही नोंद आहे. हे प्रयोग वरकरणी कसरतीचे वाटतात. परंतु हलक्या साधनाने मोठा मासा धरता येतो, त्यासाठी जाड दोरी आणि अवजड काठी लागत नाही, हे त्यांना पटवून द्यायचे होते.

१९३९चे पुस्तक

गोड्या पाण्यातील मासेमारीवरील वुल्फ यांचे मार्गदर्शक पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकातील एका विचाराने पुढील अर्धशतक गाजवले. छंद म्हणून धरल्या जाणाऱ्या माशाचे मोल इतके मोठे आहे की तो एकदाच धरून संपवणे परवडणारे नाही, असा तो विचार. सोडलेला मासा ही एका गळकऱ्याने दुसऱ्या अनोळखी गळकऱ्याला दिलेली भेट असते, असेही ते मांडत.

आज हे साधे वाटते. तेव्हा मात्र टोपलीभर मासे घरी नेणे हीच यशाची खूण मानली जाई. मंदीचा काळ होता. अनेक घरांत मासा हे फुकटचे अन्न होते. दुसरीकडे रस्ते वाढले, मोटारी आल्या आणि पूर्वी दुर्गम असलेल्या नद्यांवर शहरातून माणसे पोहोचू लागली. सरकारी केंद्रांत वाढवलेली पिल्ले दरवर्षी सोडायची आणि हंगामात ती धरून संपवायची, हा तोडगा पुढे आला. वुल्फ यांना तो अपुरा वाटे. नदीत जन्मलेला, पूर आणि दुष्काळ पाहिलेला मासा आणि हौदात वाढवलेला मासा यांत त्यांच्या दृष्टीने महदंतर होते.

न्यूफाउंडलंडचे दिवस

वुल्फ यांचे सर्वांत आवडते पाणी होते न्यूफाउंडलंड बेटावरील सॅल्मनच्या नद्यांचे. हे बेट १९४९पर्यंत कॅनडाचा भाग नव्हते. तेथील प्रशासनाने पर्यटनाच्या प्रसारासाठी त्यांची मदत घेतली. पुढे त्यांनी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्टलंड क्रीक परिसरात गळकऱ्यांसाठी मुक्कामाची केंद्रे उभारली. रस्ते नव्हते, म्हणून १९४७ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते विमान चालवायला शिकले. पाण्यावर उतरणाऱ्या पायपर कब या छोट्या विमानातून त्यांनी या प्रदेशातील नद्या पालथ्या घातल्या.

पोर्टलंड क्रीकच्या कोळ्यांकडून त्यांनी एक गाठ उचलली. तिची कथा रंजक आहे. इंग्रज नौदलाचे अधिकारी जुन्या झालेल्या माश्या स्थानिकांना देऊन टाकत, असे सांगितले जाते. त्या माश्यांच्या डोक्याशी आतड्याच्या तंतूचा फासा असे आणि तो जुना झाल्याने मोठा मासा लागताच तुटे. फेकून देण्याऐवजी तेथील माणसांनी फाशाच्या मागे, माशीच्या मानेभोवती दोरीचे वेढे घेऊन ती पक्की केली. त्यामुळे माशी पाण्याच्या पृष्ठभागावर तिरकी सरकत बारीक रेघ उमटवू लागली आणि सॅल्मन तिच्यावर अधिकच झेप घेऊ लागले. वुल्फ यांनी ही गाठ लेखांतून जगासमोर आणली आणि तिचे श्रेय पोर्टलंड क्रीकला दिले. टाकाऊ ठरलेल्या वस्तूला दुसरे आयुष्य देणारी ही युक्ती त्यांना भावली, यात नवल नाही.

अटलांटिक सॅल्मनवरील त्यांचा ग्रंथ १९५८ साली आला. या माशाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. पॅसिफिक महासागरातील सॅल्मन अंडी घातल्यावर मरतात. अटलांटिक सॅल्मनपैकी काही मात्र वाचतात, समुद्रात परततात आणि पुन्हा नदीत येऊन अंडी घालतात. म्हणजे सोडलेली मादी त्या वर्षीची पिढी तर देतेच, क्वचित पुढल्या वर्षांचीही. वुल्फ यांच्या सांगण्याला जीवशास्त्राचा असा आधार होता.

१९६०च्या दशकात ग्रीनलंडच्या किनाऱ्यापलीकडे जाळी टाकून सॅल्मन मोठ्या प्रमाणावर धरले जाऊ लागले. युरोप आणि अमेरिका या दोन्ही खंडांतील नद्यांचे मासे तेथे चरायला जमत. अशा मासेमारीने नदीकाठची सारी शिस्त फोल ठरणार होती. वुल्फ यांनी लेख, व्याख्याने आणि चित्रफितींद्वारे याविरुद्ध सातत्याने आवाज उठवला. दूरचित्रवाणीवरील क्रीडा कार्यक्रमांमुळे त्यांचा चेहरा घराघरांत परिचित होता. त्या प्रसिद्धीचा त्यांनी या कामी उपयोग करून घेतला.

१९८४ साली कॅनडाच्या पूर्वेकडील प्रांतांत गळाने धरलेले मोठे सॅल्मन सोडून देणे बंधनकारक झाले. १९९२ साली न्यूफाउंडलंड बेटावरील सॅल्मनची व्यापारी मासेमारी थांबवण्यात आली. हे यश अनेक संस्था, शास्त्रज्ञ आणि गळकऱ्यांचे होते. तरी त्यासाठी जनमत घडवण्यात वुल्फ यांचा वाटा मोठा होता. तथापि, अटलांटिक सॅल्मनचे संकट अद्याप सरलेले नाही. धरणे, प्रदूषण आणि तापणारा समुद्र यांवर गळकऱ्याच्या संयमाचा इलाज चालत नाही.

आक्षेप आणि मर्यादा

वुल्फ यांच्या विचाराला विरोधही आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. खायचा नसेल तर माशाला गळाला लावून छळायचेच कशाला, असा प्रश्न प्राणिप्रेमी विचारतात. जर्मनीत योग्य कारणाविना प्राण्याला वेदना देण्यास कायद्याने मनाई असल्याने निव्वळ सोडून देण्यासाठी मासा धरणे तेथे अडचणीचे ठरते. स्वित्झर्लंडनेही त्यावर निर्बंध आणले आहेत. शिवाय सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. पाणी तापलेले असेल, मासा फार वेळ दमवला असेल किंवा हवेत धरून ठेवला असेल तर तो सोडल्यावरही मरतो. म्हणून उलटा काटा नसलेला आकडा वापरणे, मासा शक्यतो पाण्यातच ठेवून मोकळा करणे आणि उन्हाळ्यात गळ बाजूला ठेवणे, अशी पथ्ये आता सांगितली जातात.

हरणाच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. केसांची माशी म्हणजे अखेर मारलेल्या प्राण्याचा अवशेष. हरणाला मारून मासा वाचवण्याची ही नीती कोणती, असे कोणी विचारले तर त्याचे सोपे उत्तर नाही. वुल्फ यांची भूमिका अहिंसेची कधीच नव्हती. निसर्गातून घ्यायचेच असेल तर मोजून घ्यावे, घेतलेले वाया घालवू नये आणि परत देता येईल ते परत द्यावे, एवढीच त्यांची मांडणी होती.

आपल्याकडे या प्रश्नाचे वेगळे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळणकोंडीतील मासे देवीचे मानले जातात आणि त्यांना कोणी धरत नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा समूहाच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महसीर माशाची पैदास करून तो जलाशयांना आणि नद्यांना पुरवला. एका ठिकाणी श्रद्धा, दुसऱ्या ठिकाणी शास्त्र. वुल्फ यांचा मार्ग या दोहोंहून भिन्न आहे, कारण तो मासे धरणाऱ्याच्याच हाती माशाचे रक्षण सोपवतो.

शेवटचे उड्डाण

१९६७ साली वुल्फ यांचा विवाह जोन साल्वातो यांच्याशी झाला. दूर आणि अचूक दोरी फेकण्याच्या स्पर्धांत जोन यांनी अनेक विजेतेपदे मिळवली होती. पुरुषांच्या मक्तेदारीच्या या क्षेत्रात त्यांचे स्थान स्वयंसिद्ध होते. १९७९ साली या दांपत्याने न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिल पर्वतातील बीव्हरकिल नदीच्या वरच्या खोऱ्यात, ल्यू बीच गावाजवळ प्रशिक्षण शाळा सुरू केली. दोरी फेकण्याचे शास्त्र जोन शिकवत. माशांचे वर्तन, माश्या आणि नदी वाचण्याची कला वुल्फ सांगत.

वय ऐंशीच्या पुढे गेले तरी त्यांनी विमान चालवणे सोडले नव्हते. २८ एप्रिल १९९१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हॅनकॉकजवळ परवाना कायम राखण्यासाठी आवश्यक असलेल्या चाचणीच्या उड्डाणावर असताना त्यांचे छोटे विमान कोसळले आणि वुल्फ यांचे निधन झाले. ते ८६ वर्षांचे होते.

त्यांच्या निधनाला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. त्यांच्या माश्यांचे पंख आज पुष्कळदा वासराच्या शेपटीच्या केसांचे किंवा कृत्रिम तंतूंचे असतात; मूळ घडण मात्र तीच आहे. अमेरिकेतील खेड्यांत शिकारीचा हंगाम संपला की आजही कोणी तरी हरणाची शेपटी खरवडून, मीठ चोळून पुठ्ठ्यावर वाळत घालतो. हिवाळ्याच्या रात्री तिच्यातील चिमूटभर केस कापून माशी बांधली जाते आणि वसंतात ती पाण्यावर पडते. लागलेला मासा बहुतेक वेळा काठावर येत नाही. आकडा काढून त्याला प्रवाहात मोकळे केले जाते. वुल्फ यांचे स्मारक शोधायचे झाल्यास ते तिथे, वाहत्या पाण्यात सापडेल.